ओव्हरक्लॉक करायच्या डेस्कटॉपसाठी रॅमचा वेग किती घ्यावा? (रायझन ७ ९७००एक्स)

कातळसडा

नमस्कार मंडळी,

नवा डेस्कटॉप जुळवतोय. प्रोसेसर घेऊन झालाय, रायझन ७ ९७००एक्स. मदरबोर्ड बी८५० चिपसेटचा, चार स्लॉटवाला. ग्राफिक्स कार्ड जुन्या मशीनमधलंच वापरणार. काम मुख्यतः डाविंची रिझॉल्व्हमध्ये व्हिडिओ संपादन, थोडं ब्लेंडर, आणि रात्री गेम. पीबीओ आणि कर्व्ह ऑप्टिमायझर (एएमडीच्या वेग आणि व्होल्टेज बदलायच्या सोयी) वापरून प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचाय, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचाय, कूलर त्या हिशेबानेच मोठा घेतलाय.

अडलंय ते रॅमपाशी. तपकीर गल्लीत दुकानागणिक वेगळं उत्तर मिळतं (५२००, ८००० हे आकडे रॅमच्या वेगाचे). एक म्हणतो, "५२००ची १६ जीबीची जोडी आत्ता घ्या, तशीच दुसरी जोडी नंतर टाका, स्लॉट चार आहेत ना." दुसरा म्हणतो, "ओव्हरक्लॉक करणार तर थेट ८०००चं किट घ्या." ऑनलाइन पाहिलं तर ६०००मध्येच सीएल ३० आणि सीएल ३६ असे दोन प्रकार (सीएल म्हणजे मागणीनंतर किती आवर्तनांनी रॅम डेटा देते तो आकडा, कमी तितका चांगला), आणि किमतीत चांगलाच फरक. २०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव असे चढलेत की चुकीचं किट घेऊन परत बदलणं परवडणार नाही.

तर वेग किती, सीएल किती, स्टिक (रॅमच्या पट्ट्या) किती? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

जुनाजाणता

६०००, सीएल ३०, दोन स्टिक. मदरबोर्डच्या संकेतस्थळावर तपासलेल्या मेमरीची यादी असते, त्यात किटचा मॉडेल क्रमांक आहे का बघा आणि घेऊन टाका.

---

सह्यधार

जुनाजाणता यांच्याशी सहमत. कारण सविस्तर लिहितो, कारण ते कळलं की पुढच्या वेळी दुकानात विचारायची गरज पडणार नाही.

रॅमच्या खोक्यावर एक आकडा असतो, पण तुमच्या प्रोसेसरसाठी तीन घड्याळं महत्त्वाची. पहिलं मेमरीचं स्वतःचं, एमक्लॉक. डीडीआरमध्ये घड्याळाच्या एका आवर्तनात दोनदा डेटा जातो, म्हणून ६०००च्या रॅमचं खरं घड्याळ ३००० मेगाहर्ट्झ. दुसरं प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरचं, यूक्लॉक. तिसरं इन्फिनिटी फॅब्रिकचं, एफक्लॉक. कंट्रोलर आणि कोअर दोन वेगळ्या चिपलेटवर (प्रोसेसरमधल्या सुट्या सिलिकॉन तुकड्यांवर) आहेत आणि त्यांना जोडणारी वाट म्हणजे हे फॅब्रिक.

एमक्लॉक आणि यूक्लॉक समान चालले तर उत्तम. ६००० पर्यंत जवळपास प्रत्येक एएम५ (तुमच्या प्रोसेसरचा सॉकेट) प्रोसेसर हे पेलतो. ६४०० पुष्कळ चिपना जमतं, सगळ्यांना नाही. त्याच्या वर गेलात की बोर्ड सहसा आपणहून कंट्रोलर अर्ध्या वेगावर टाकतो. म्हणजे रॅम वेगवान आणि तिच्याशी बोलणारा कंट्रोलर पूर्वीपेक्षा हळू. एएमडीने २०२२ साली रायझन ७००० आणताना ६०००ला अनुकूल वेग म्हटलं होतं ते याच हिशेबाने. तुमच्या ९७००एक्सला अधिकृत आधार ५६००चाच आहे. त्यावरचं सगळं ओव्हरक्लॉकिंगच, भले ते एक्स्पो प्रोफाइलच्या (रॅमवर आधीच नोंदवलेल्या वेगवान सेटिंगच्या) एका क्लिकने होत असो.

आता बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला किती डेटा जातो ते. ६०००ची जोडी कागदावर सेकंदाला ९६ जीबी देते. पण ९७००एक्समध्ये कोअरचा चिपलेट एकच आहे, आणि त्याची फॅब्रिककडून वाचण्याची वाट दर आवर्तनाला ३२ बाइटची. एफक्लॉक २००० असेल तर ६४ जीबी. कालवा कितीही रुंद केला तरी शेतात पाणी चारीच्या मापानेच येणार. नुसती बँडविड्थ पाहिली तर ४८००ची रॅमसुद्धा ७६.८ जीबी देते, म्हणजे चारीपेक्षा जास्तच. मग ६००० कशासाठी? विलंब कमी व्हावा म्हणून. कंट्रोलर ३००० मेगाहर्ट्झवर पळतो, मागितलेली गोष्ट लवकर हातात येते. गेममध्ये जो फरक दिसतो तो मुख्यतः त्याचा.

सीएलचंही गणित करून बघा. सीएलला खऱ्या घड्याळाने भागा आणि हजाराने गुणा, नॅनोसेकंद मिळतात.

५२०० सीएल ४०: १५.४
६००० सीएल ३६: १२
६००० सीएल ३०: १०
८००० सीएल ३८: ९.५

प्रोसेसरपासून रॅमपर्यंत जाऊन परत येण्याचा एकूण विलंब एएम५वर सत्तर नॅनोसेकंदांच्या आसपास असतो. त्यामुळे सीएल ३० आणि ३६ मधला दोन नॅनोसेकंदांचा फरक ऐकायला मोठा, पण एकूण प्रवासात छोटा. तरी सीएल ३० सुचवतो त्याचं कारण वेगळं आहे. ६००० सीएल ३०च्या किटमध्ये बहुधा एसके हायनिक्सच्या चिप असतात, आणि पुढे टायमिंग (सीएलसारखे वेळेचे आकडे) आवळायला त्याच सगळ्यात जास्त साथ देतात. तुम्ही ओव्हरक्लॉक करणार आहात, म्हणून तुमच्यासाठी हा मुद्दा मोठा. जो एक्स्पो चालू करून विसरून जाणार आहे त्याने सीएल ३६ घेऊन पैसे वाचवले तरी त्याचं काही बिघडत नाही.

---

नाशिकचा_अंकुश

सह्यधार, ८००० इतकं सरसकट बाद करू नका. ८०००ला कंट्रोलर अर्ध्यावर गेला तर तो २०००वर येतो आणि एफक्लॉकही २०००. दोघं एका तालात. त्यामुळे कंट्रोलर आणि फॅब्रिकमधली देवाणघेवाण सुरळीत होते आणि विलंब ६०००च्या जवळपास राहतो. मी स्वतः ८००० चालवतोय आणि समाधानी आहे.

---

सह्यधार

मुद्दा अगदी बरोबर, आणि ६४००च्या वरून ७६०० पर्यंतचा मधला पट्टा एएम५वर सगळ्यात वाईट आहे तो त्यामुळेच. तिथे कंट्रोलरही अर्धा आणि तालही जुळत नाही. कातळसडा, दुकानात कोणी "मध्यममार्ग म्हणून ७२०० घ्या" म्हणालं तर घेऊ नका.

पण ८००० स्थिर चालायला बोर्डही तसा लागतो. अंकुश, तुमचा बोर्ड दोन स्लॉटचा आहे का?

---

नाशिकचा_अंकुश

हो, दोनच स्लॉटचा. चार स्लॉटच्या बोर्डवर रिकाम्या स्लॉटकडे जाणाऱ्या तारांमुळे सिग्नल परावर्तित होतो, तिथे ८००० जमेलच असं सांगता येणार नाही. ते मान्य.

---

सह्यधार

मग कातळसडा यांच्यासाठी प्रश्न मिटला. चार स्लॉटचा बोर्ड, एका चिपलेटचा प्रोसेसर, आणि जमलं तरी फायदा जवळपास शून्य. त्या फरकाच्या पैशात जीबी वाढवा.

---

अनुजा_ठाणे

आता जीबीबद्दल मी लिहिते, कारण पहिल्या दुकानदाराचा सल्ला सगळ्यात धोक्याचा आहे आणि त्यावर अजून कोणी बोललं नाही.

एएम५वर चार स्टिक लावल्या तर एएमडीचा अधिकृत आधार थेट ३६०० वर उतरतो. हो, ३६००. बायोस (बोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) सुधारत गेले तसं लोकांना चार स्टिकवर त्याहून बरंच जास्त मिळू लागलंय, पण ते तुमच्या नशिबात असेल का हे विकत घेतल्यावरच कळतं. शिवाय "तशीच दुसरी जोडी नंतर" ही कल्पनाच कच्ची आहे. एकाच नावाच्या किटमध्ये सहा महिन्यांनी वेगळ्या कंपनीच्या चिप निघू शकतात. किट एकत्र तपासून विकलेलं असतं. दोन वेगळी किट एकमेकांसोबत चालतील याची हमी कोणीच देत नाही.

त्यामुळे जेवढी लागणार आहे तेवढी आत्ताच, दोन स्टिकमध्ये घ्या. रिझॉल्व्हसाठी ३२ जीबी चालतं, पण त्यातला इफेक्टचा फ्यूजन विभाग उघडला की घुसमट होते. मी संपादनच करते, आणि माझ्या मते वेगापेक्षा इथे पैसा घालावा. ६४ म्हणजे ३२ची जोडी. परवडत नसेल तर २४ची जोडी, ४८ जीबी. हा आकडा विचित्र वाटतो म्हणून लोक टाळतात, पण २४ गिगाबिटच्या चिपमुळे ती स्टिक एका बाजूचीच राहते आणि कंट्रोलरवर ताण कमी येतो. भाव चढलेले असताना ४८ हा मला सगळ्यात समंजस आकडा वाटतो.

आणखी एक. ब्लेंडरच्या रेंडरमध्ये रॅमच्या वेगाने जवळपास काही फरक पडत नाही. रिझॉल्व्हमध्ये बहुतेक भार ग्राफिक्स कार्डवर असतो. वेगाचा फायदा गेमला, फाइल दाबून लहान करताना, आणि मोठं सॉफ्टवेअर कम्पाइल करताना. तुमच्या कामाची वाटणी पाहूनच पैसे टाका.

---

म्यूनिककर

इथे सगळी चर्चा एएम५ची चाललीय. वाचणाऱ्यांपैकी कोणी इंटेल घेणार असेल तर वरचे आकडे जसेच्या तसे लावू नका. इंटेलवर डीडीआर५ असताना कंट्रोलर एरवीही अर्ध्या वेगाने, म्हणजे गिअर २मध्येच चालतो. त्यामुळे ६०००ला थांबायचं कारण तिथे नाही. १३व्या-१४व्या पिढीच्या के मालिकेत चांगल्या झेड७९० बोर्डवर लोक ७२०० सहज चालवतात. कोअर अल्ट्रा २००एसला अधिकृत आधारच ६४००चा आहे, आणि २०२५मध्ये इंटेलने २००एस बूस्ट नावाचं प्रोफाइल आणलं, त्यात ८००० पर्यंतची मेमरी वॉरंटीत बसते.

बी७६० बोर्डवर रॅमचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा मल्टिप्लायर (त्याचा वेग ठरवणारा गुणक) नाही. दुकानात हे कोणी सांगत नाही.

अवांतर: स्टिकवर स्वतःची घड्याळचिप असलेला सीयूडीआयएमएम प्रकार आलाय. एएम५वर ती चिप सध्या वगळूनच चालते, तेव्हा रायझनसाठी त्याचे जादा पैसे देऊ नयेत.

---

जुनाजाणता

एएमडीच्या आधीच्या सॉकेटच्या, एएम४वाल्यांसाठीही लिहून ठेवतो, कारण अजून बरेच जण ५६००एक्स, ५८००एक्स३डीवर आहेत. तिथे हीच समानता ३६००ला साधते, फॅब्रिक १८००. ३८०० काहींना जमतं. डीडीआर४ ३६०० सीएल १६ असेल तर नव्यासाठी धावू नका.

आणि नावात एक्स३डी असेल, मग ५८००एक्स३डी असो की ९८००एक्स३डी, ९६ एमबीचा कॅश (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी) पोटात असल्याने रॅमकडे जाण्याची वेळच कमी येते. तिथे सीएल ३० साठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

---

वऱ्हाडवारा

भाऊ, पुण्या-ठाण्याची मंडळी एक गोष्ट विसरून राहिली. उन्हाळा.

मी नागपूरला असतो. हिवाळ्यात रॅम ट्यून केली, रात्रभर टेस्ट केली, एकही चूक नाही. एप्रिल लागला आणि दुपारी गेम खेळताना निळा पडदा. संध्याकाळी पुन्हा सगळं ठीक.

याचं कारण रॅमच्या स्वभावातच आहे. प्रत्येक बिट म्हणजे एक इवलासा कपॅसिटर, आणि त्यातला प्रभार सतत गळत असतो. म्हणून कंट्रोलर ठरावीक वेळाने तो पुन्हा भरतो, त्याला रिफ्रेश म्हणतात. डीडीआर५मध्ये सरासरी दर ३.९ मायक्रोसेकंदाला एक रिफ्रेश. ६०००वर मोजलं तर सुमारे ११,७०० आवर्तनं. बायोसमध्ये हीच सेटिंग टीआरईएफआय नावाने असते. ओव्हरक्लॉक करणारे ती ६५,५३५ पर्यंत नेतात, कारण रिफ्रेश चालू असताना ती रॅम वाचता येत नाही. रिफ्रेश कमी तर काम जास्त. फायदा खरा आहे. पण मग दोन रिफ्रेशमध्ये जवळजवळ २२ मायक्रोसेकंद जातात, आणि तापमान वाढलं की गळती वाढते. डिसेंबरात जो बिट टिकतो तो मे महिन्यात टिकेलच असं नाही.

त्यातून डीडीआर५मध्ये व्होल्टेज सांभाळणारी चिपही स्टिकवरच बसते, तिची उष्णता वेगळी. शिवाय ग्राफिक्स कार्डची गरम हवा थेट रॅमवर. मी टीआरईएफआय ३२,००० वर आणला, कॅबिनेटच्या वरच्या बाजूला पुढचा पंखा रॅमवर हवा टाकेल असा लावला, आणि स्टिकचं तापमान ५०च्या खाली ठेवलं. तेव्हापासून उन्हाळाभर सुखात. हार्डवेअरइन्फोमध्ये प्रत्येक स्टिकचं तापमान दिसते, ते बघत जा.

---

कातळसडा

सगळ्यांचे मनापासून आभार. ६००० सीएल ३०, २४ची जोडी मागवली, काल आली. बसवली, एक्स्पो चालू केलं आणि पडदा काळा. पंखे फिरतायत, बाकी काही नाही. बंद करून टाकावं का? की स्टिक खराब आहे?

---

अनुजा_ठाणे

बंद करू नका! मेमरी ट्रेनिंग चाललंय. नव्या रॅमने किंवा नव्या वेगाने पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड प्रत्येक तारेची वेळ जुळवून बघतो, त्याला काही मिनिटं लागू शकतात. चहा करून या. स्टिक प्रोसेसरपासून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये आहेत ना, तेवढं बघून ठेवा.

---

कातळसडा

सुरू झालं! स्लॉट बरोबरच होते. पण सीपीयू-झेडमध्ये २९९४ दिसतंय. आणि आता प्रोसेसर आणि रॅम दोन्हींचं एकत्र ट्यूनिंग करू का? एकदाच टेस्ट करता येईल.

---

सह्यधार

२९९४ म्हणजे खरं घड्याळ, दुप्पट केलं की जवळपास ६०००. योग्य आहे. झेनटायमिंग्ज नावाचं छोटं सॉफ्टवेअर उतरवा, त्यात एमक्लॉक, यूक्लॉक, एफक्लॉक तिन्ही एकत्र दिसतात. पहिले दोन ३०००, तिसरा २००० हवा.

एकत्र ट्यूनिंग मुळीच नको. हा धागा रॅमच्या वेगाचा असला तरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच. दोन्ही एकदम बदललं आणि मशीन पडलं, तर दोष कोणाचा हे कळायला मार्ग नाही. आधी प्रोसेसर मूळ सेटिंगवर ठेवा आणि रॅम पक्की करा. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून एक पूर्ण फेरी, मग विंडोजमध्ये टेस्टमेम५ किंवा वाय-क्रंचर काही तास. एक चूकसुद्धा माफ नाही. रॅममध्ये एक बिट चुकला तर मशीन पडेलच असं नाही. ते बिट तुमच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये जाऊन बसेल, आणि महिन्याने ती फाइल उघडणार नाही. डीडीआर५च्या चिपमध्ये आतल्या आत चूक दुरुस्त करण्याची सोय असते, पण स्टिक आणि प्रोसेसरच्या मधल्या वाटेवर झालेली चूक तिच्या हद्दीत येत नाही. आणि ओव्हरक्लॉकमध्ये चुका बहुधा तिथेच होतात.

रॅम पक्की झाली की मग कर्व्ह ऑप्टिमायझर. त्याची लक्षणं वेगळी असतात: मशीन नुसतं बसलेलं असताना किंवा हलक्या कामात अचानक रीस्टार्ट. रॅमची लक्षणं म्हणजे दर वेळी वेगळ्या नावाचा निळा पडदा, बिघडलेल्या फाइल, इन्स्टॉल होता होता थांबणारी सॉफ्टवेअर. फॅब्रिक जास्त ओढलं असेल तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया नावाच्या (हार्डवेअरच्या चुकांच्या) नोंदी दिसू लागतात, कधी आवाज तुटतो.

एसओसी व्होल्टेजकडे (मेमरी कंट्रोलरला मिळणाऱ्या व्होल्टेजकडे) आत्ताच लक्ष द्या. एक्स्पो लावल्यावर बरेच बोर्ड ते १.२५ किंवा त्याहून वर नेऊन ठेवतात. २०२३मध्ये काही एक्स३डी प्रोसेसर जळाले, त्यानंतर एएमडीने १.३ व्होल्टची मर्यादा घातली, तेव्हा त्या कारणाने जळण्याची भीती आता फारशी नाही. पण तुमच्या बाबतीत नुकसान दुसरीकडे होतं. ९७००एक्सला मूळ सेटिंगमध्ये एकूण ८८ वॉट मिळतात. कंट्रोलरने त्यातले जास्त खाल्ले तर कोअरना तेवढे कमी, म्हणजे रॅमच्या नादात प्रोसेसरचा वेग गेला. ६००० साठी १.२च्या आसपास बहुतेक चिपना पुरतं. टप्प्याटप्प्याने खाली आणा आणि दर टप्प्याला टेस्ट करा. बायोसमध्ये १०५ वॉटचा पर्याय असेल तर तो निवडा, मर्यादा १४२ वॉट होते.

---

वऱ्हाडवारा

+१. आणि बायोसमध्ये मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर (मागच्या ट्रेनिंगचे आकडे वापरून लवकर सुरू होण्याची सोय) चालू असेल तर पॉवर डाउनही (रॅमची वीज वाचवायची सोय) चालू ठेवा. एक चालू आणि एक बंद असलं की बऱ्याच बोर्डांवर अस्थिरता येते. वीज जात-येत असेल तर टेस्टच्या रात्री यूपीएस हवाच.

---

कातळसडा

अपडेट. एसओसी १.१८वर आणला, रॅमच्या टेस्ट रात्रभर निर्दोष. त्यानंतर १०५ वॉट आणि कर्व्ह ऑप्टिमायझर सगळ्या कोअरना उणे २०, तेही टिकलं. रॅमचं तापमान टेस्टमध्ये ४७. टीआरईएफआय सध्या ३२,००० ठेवलाय. रिझॉल्व्ह जुन्या मशीनच्या तुलनेत सुसाट आहे.

आता शेवटचा प्रश्न. याच किटवर ६४०० करून बघू का?

---

सह्यधार

बघा, पण रीतीने. आधी आत्ताचं सगळं बायोसच्या एका प्रोफाइलमध्ये जतन करा. कर्व्ह ऑप्टिमायझर शून्यावर न्या. मग ६४००, टायमिंग ३२-३८-३८, रॅमचा व्होल्टेज १.४, आणि यूक्लॉक हाताने एमक्लॉकच्या बरोबरीला बांधा, नाहीतर बोर्ड गुपचूप अर्ध्यावर नेईल आणि तुम्हाला वाटेल ६४०० जमलं. एफक्लॉक २१३३. एसओसी १.२३ पासून सुरू करा. १.२५च्या वर गेल्याशिवाय टिकत नसेल तर तुमची चिप ६४००ची नाही, जतन केलेल्या प्रोफाइलवर परत या.

सीएल ३२ला ६४०० म्हणजे तेच १० नॅनोसेकंद. कंट्रोलर थोडा वेगवान झाल्याने गेममध्ये थोडाफार फरक दिसेल, रिझॉल्व्हमध्ये दिसणार नाही. ६०००वरच राहून टीआरएफसी (एका रिफ्रेशला लागणारा वेळ) आणि बाकीची दुय्यम टायमिंग आवळलीत तर त्याच मेहनतीत जास्त मिळेल. झेनटायमिंग्जचा स्क्रीनशॉट इथे टाका, कुठून सुरुवात करायची ते सांगतो.